टेंटर लेनच्या पुलावरून

फेब्रुवारीत कौन्सिलचं एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

तसं पत्र साधंच होतं. पाकिटाला पारदर्शक खिडकी आणि खिडकीतून दिसणारं आमचं नाव. टेंटर लेनच्या टोकाशी जुन्या रंगखान्याची, म्हणजे कापड रंगवायच्या बंद पडलेल्या कारखान्याची, जी मोकळी जमीन आहे, तिथे टाउन क्लबला नवं फुटबॉल स्टेडियम बांधायचं आहे. आपण शेजारी आहात, तेव्हा रहदारी आणि ये-जा यांविषयी काही म्हणणं असल्यास लेखी कळवावं. सोबत एक नकाशाही होता. सामन्याच्या दिवशी आमच्या कालव्यावरचा पूल गाड्यांना बंद राहील, लोक पायी जातील आणि 'आपत्कालीन वाहनांना वाट करून दिली जाईल', असं त्यात म्हटलं होतं.

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. मी जन्मभर गावच्या वाचनालयात काम केलं. कुठल्या वाक्यामागे माणूस उभा आहे आणि कुठल्यामागे कोणीच नाही, हे थोडंफार कळतं. वाट करून दिली जाईल. कोण देणार? उत्तर लिहायला मी बसलोही. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या आणि पत्र मोठ्या शब्दकोशात ठेवून दिलं. बेरिल त्याला हात लावत नाही.

बेरिल माझी बायको. तिची फुप्फुसं गेली आहेत. गेली म्हणजे सांगायलाच उरली आहेत. जिना चढायचा तर मध्ये एका पायरीवर बसावं लागतं, म्हणून त्या पायरीवर आम्ही उशी ठेवली आहे. त्या हिवाळ्यात अॅम्ब्युलन्स पुन्हा पुन्हा आली, आणि दर वेळी त्या पुलावरूनच आली. टेंटर लेनला दुसरं तोंड नाही. एका बाजूला कालवा, एका बाजूला रेल्वेची भिंत, मध्ये एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या दोन रांगा, आणि टोकाला ती मोकळी जमीन.

म्हणजे उत्तर लिहायला कारण होतं. न लिहायला तीन कारणं होती आणि तिन्ही भीतीचीच होती.

पहिलं कारण खुद्द बेरिल. ती टाउनची. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून सामने बघायची. क्लबचा जांभळा-पिवळा मफलर अजून तिच्या पलंगाच्या दांडीला असतो. स्टेडियमची बातमी आली तेव्हा ती म्हणाली, "क्लिफ, गोल झाला की मला अंथरुणातून ऐकू येईल रे!" आणि इतकी हसली की श्वासाचा पंप शोधावा लागला. त्या स्टेडियमविरुद्ध मी लिहायचं कसं?

दुसरं कारण असं की लिहायचं तर तिच्या दुखण्याविषयी लिहावं लागणार, आणि कौन्सिलला पाठवलेलं प्रत्येक पत्र नावपत्त्यासह संगणकावर चढतं, कोणालाही वाचता येतं. "तुला काय लिहायचंय ते लिही," ती म्हणाली होती, "पण माझ्या छातीची जाहिरात करू नकोस. मी अजून बाजारात जाते."

ती बाजारात जात नव्हती. 

तिसरं कारण मिसेस ऑर्मरॉड. समोरच्या रांगेत राहतात, पूर्वी पियानो शिकवायच्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी विरोधाचं पत्र पाठवलं. ते नावासकट झळकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फाटकाला टाउनचा एक मफलर बांधलेला होता. नीट गाठ मारून. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन. मग तीन. काही फोडलं नाही, शिवी लिहिली नाही, फक्त रोज एक मफलर जास्त. पोलिसांना सांगायचं तरी काय? कोणीतरी आम्हाला लोकरीचे कपडे देतंय, असं?

"थंडी आहे, बरंच झालं," मिसेस ऑर्मरॉड मला म्हणाल्या. त्या ते मफलर सोडवायच्या, धुवायच्या, घडी घालून चर्चच्या दानपेटीत टाकायच्या. "तुम्ही लिहिलंत का हो, मिस्टर हॅलिवेल?"

"लिहितोय," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. "शाळेतल्या मुलीही असंच सांगायच्या. करतेय प्रॅक्टिस म्हणून."

त्यांनी शेवटची गाठ सोडवली आणि लेनच्या दोन्ही टोकांकडे बघून घेतलं.  घरी येऊन मी आमचं फाटक बघितलं. मग रोज सकाळी दुधाची बाटली घ्यायच्या निमित्ताने बघू लागलो. वास्तविक मी काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी बघायचो.

उत्तराची मुदत टळून गेली. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि नंतर तसं वाटल्याचीच भीती वाटली.

एप्रिलमध्ये टाउनच्या चाहत्यांनी पदयात्रा ठरवली. जुन्या मैदानापासून निघायचं, आमच्या पुलावरून यायचं, लेनमधून जायचं आणि रंगखान्याच्या जमिनीवर झेंडा रोवायचा. कौन्सिलला दिसू दे गाव कोणाच्या बाजूने आहे. आदल्या दिवशी डग मागच्या दाराशी आला. आमच्याकडे पुढच्या दाराने फक्त पाद्री आणि डॉक्टर येतात. डग शेजारचाच. नळजोडणीचं काम करतो, टाउनचा कट्टर, आणि पदयात्रेत पुढचा बॅनर धरणारा.

"प्रोफेसर, गाडीची किल्ली काढ," तो म्हणाला. मी कधीही प्रोफेसर नव्हतो. वाचनालयातल्या प्रत्येकाला तो हेच म्हणायचा.

"का रे?"

"उद्या बाहेरचे हजारो येणार. गाडी कुठे लावणार? आपल्या दारात. मागच्या वर्षी कपच्या सामन्याला जुन्या मैदानाजवळच्या लोकांना तीन तास घरातून गाडी काढता आली नव्हती. म्हणून ठरलंय, लेनमधल्या सगळ्यांनी आज रात्रीच मागच्या गॅरेजातल्या गाड्या पुढे आणायच्या. दोन्ही बाजू भरून टाकायच्या. एक फट ठेवायची नाही."

आमच्या लेनमध्ये एक न बोललेला रिवाज होता. गाड्या फक्त भिंतीच्या बाजूला लावायच्या, कालव्याची बाजू मोकळी. कधी कोणी पाटी लावली नाही, पण सगळे पाळत.

"दोन्ही बाजू?" मी म्हणालो. "पण म्हणजे, समजा काही..."

"काय समजा?"

"अॅम्ब्युलन्स वगैरे."

"अरे बाबा, एका दुपारची तर गोष्ट! बेरिल बरी आहे ना आता?"

"बरी आहे रे!" आतून बेरिल ओरडली. "लाव म्हणावं गाडी. आणि डग, बॅनर सरळ धर, मागच्या वेळी तिरका होता!"

"तिरका वारा होता, बेरिल!"

"वारा होता का, ते तुझ्या बायकोला विचारून ये!"

डग हसला. मी "बरं" म्हणालो. आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा हाच शब्द म्हटला असेल. संध्याकाळी आमची छोटी निळी गाडी मी गॅरेजातून काढली आणि कालव्याच्या बाजूला, डगच्या नेमक्या हातवाऱ्यांनुसार, मागेपुढे दुसऱ्या गाड्यांना जवळजवळ टेकवून लावली. समोर भिंतीकडे त्याची रुंद व्हॅन होती. मधून मी चालत गेलो आणि उगाच दोन्ही हात पसरून बघितले. मग कोणी बघत नाही ना, म्हणून खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेरिल वरच्या खोलीत खिडकीशी बसली. गळ्यात मफलर, केसांना कंगवा, ओठांना रंग. लग्नाला निघाल्यासारखी. खिडकी उघड म्हणाली. मी उघडली. पुलावरून आधी ढोल ऐकू आला, मग माणसं दिसायला लागली. पुलाच्या उंचवट्यावर आधी टोप्या, मग चेहरे, मग खांदे, असे ते उगवत होते आणि संपतच नव्हते. मला आवाजाची भीती वाटते. बेरिल मात्र टाळ्या वाजवत होती.

"बघ, बघ, डगचा बॅनर! सरळ आहे!"

मग कोणीतरी रंगीत धुराचं नळकांडं पेटवलं. जांभळा धूर. मग पिवळा. लेनमध्ये दोन रांगांच्या मध्ये वारा नसतो. धूर जागेवरच फुगला आणि आमच्या खिडकीपर्यंत चढला. मी खिडकी लावायला धावलो, पण तोवर तो आत आला होता. गोड, जळका वास. बेरिल खोकली. मग खोकणंही थांबलं, आणि ते जास्त वाईट असतं, हे मला ठाऊक होतं.

पंप दिला. पुन्हा दिला. तिचे ओठ रंगाखाली निळे होताना दिसले. तिने माझं मनगट धरलं. त्या बोटांत जोर नव्हता, पण सोडवताही येत नव्हतं. एका हाताने फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे पत्ता विचारत होती. "टेंटर लेन" म्हणताना मला ते नकाशातलं वाक्य आठवलं.

सायरन लवकर आला. पुलापलीकडे तो थांबेल, हजारो माणसांत रुतेल, असं मी धरून चाललो होतो. पण तसं झालं नाही. ढोल थांबला. कोणीतरी ओरडलं, "बाजूला! बाजूला व्हा रे!" आणि गर्दी पुलाच्या कठड्यांना चिकटली. गाडी पूल ओलांडून लेनमध्ये आली. मी खिडकीतून बघत होतो. बेरिल, आली बघ, आली, असं म्हणत होतो.

मग ती थांबली. आमची निळी गाडी आणि डगची व्हॅन यांच्या मध्ये.

गर्दीने अडवली नव्हती. आम्ही अडवली होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

किल्ली घेऊन मी खाली धावलो. कधीच धावत नाही मी. गाडीत बसलो, सुरू केली, मागे घेतली, ठक्. पुढे घेतली, ठक्. एक वीतही जागा नव्हती. डग बॅनर घेऊन पार टोकाला पोचला होता आणि व्हॅनची किल्ली त्याच्या खिशात. अॅम्ब्युलन्समधून एक तरुण मुलगी उतरली. नाझिया, छातीवर नाव होतं. पाठीला पिशवी, हातात ऑक्सिजनचं सिलिंडर, गाड्यांच्या फटीतून आडवी होत आली.

"कुठल्या घरात, काका?"

मी घराकडे बोट दाखवलं. ती आत पळाली.

"काका, गाडीतून उतरा," दुसरा आवाज आला. दहा-बारा माणसं गाडीभोवती उभी होती. अंगभर टाउनचे रंग, दंडावर गोंदलेलं, एकाच्या तोंडाला बिअरचा वास. अशी माणसं समोरून आली की मी रस्ता ओलांडतो.

"उतरा हो, आजोबा, नाहीतर तुमच्यासकट उचलू."

मी उतरलो. त्यांनी गाडीला खालून हात घातले, "एक, दोन" झालं, आणि गाडी हवेत गेली. खरंच गेली. उचलून त्यांनी ती आमच्याच दारासमोरच्या फरसबंदीवर नेऊन आदळली. आरसा तुटला. अॅम्ब्युलन्स इंचाइंचाने पुढे आली.

नाझिया आणि तिच्या सोबत्याने बेरिलला खुर्चीवर बांधून खाली आणलं. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले, गळ्यात मफलर तसाच. लेनमध्ये इतकी माणसं आणि इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. आणि मग त्या माणसांनी एकेक करून टोप्या काढल्या. आमच्या गावात शवपेटी जाताना काढतात तशा, छातीशी धरून. कोणी शिकवलं नाही, हात आपोआप जातात.

त्या टोप्या बघून मी खुर्चीजवळ सरकलो. त्यांना काही दिसलं होतं जे मला दिसत नव्हतं, असं वाटलं.

बेरिलने डोळे उघडले. बघितलं. मास्क हाताने बाजूला केला. नाझिया "नाही, नाही, मावशी" म्हणत होती.

"टोप्या घाला, मेल्यांनो," बेरिल पुटपुटली. "अजून आहे मी."

ती वाचली. पुष्कळ दिवस रुग्णालयात राहून परत आली, पण उशीच्या पायरीपर्यंत चढणंही आता तिला जमत नाही. पलंग खाली आणला.

डग आला, या वेळी पुढच्या दाराने. टोपी हातात. 

"माझी व्हॅन होती," तो म्हणाला.

"आणि माझी गाडी."

"तू बोलायचं होतंस ना, प्रोफेसर. जोरात बोलायचं. मी ऐकलं असतं."

ऐकलं असतं का? कदाचित.  मग तो जरा सावरला. "पण बघितलंस ना टाउनची माणसं? उचलली गाडी! साऱ्या गावात हीच चर्चा. पेपरात आलंय." त्याने वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं.

फोटो होता. हवेतली आमची निळी गाडी. खाली क्लबच्या कोणा अधिकाऱ्याचं म्हणणं छापलं होतं: त्या दिवसाने सिद्ध झालं आहे की कितीही गर्दी असली तरी आपत्कालीन वाहनांना टेंटर लेनमध्ये वाट करून दिली जाते; रहदारीच्या शंका आता निकालात निघाल्या.

डग गेल्यावर मी ते पुन्हा वाचलं.  बेरिल मरता मरता वाचली, आणि तेच वाट असल्याचा पुरावा ठरलं होतं. पुढच्या वेळी नोव्हेंबर असेल, पाऊस असेल, टाउन हरून परतत असेल. आणि आम्ही तेच करू. दारात परके येऊ नयेत म्हणून गाड्या पुढे आणू, फटी बुजवू, कारण आम्ही घाबरलेले असू. उचलणारे हात असतील नसतील. हे फक्त मला माहीत होतं आणि मी गप्प होतो.

कौन्सिलला फोन केला. मुदत टळली असली तरी निर्णयाच्या बैठकीपर्यंत आलेलं पत्र आम्ही वाचतो, असं एका बाईने सांगितलं. "नाव-पत्ता मात्र लागेल, सर."

शब्दकोशातून पत्र काढलं. बेरिल पलंगावरून बघत होती.

"काय लिहितोस?"

"तुझ्याविषयी लिहावं लागेल."

 ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज तेवढा येत होता.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. पत्र लहान होतं. उशिराबद्दल क्षमा. त्या दिवशी गाडी गर्दीने अडवली नाही, आम्ही अडवली, आणि पुन्हा अडवू. माणसांच्या भलेपणावर रस्ता बांधता येत नाही. लेनच्या दुसऱ्या टोकाला कालव्यावर नवा पूल आधी बांधा. तो होईपर्यंत इथे एकही सामना नको.

"रडकं झालंय," बेरिल म्हणाली. "शेवटी लिही. मी बेरिल हॅलिवेल. फुप्फुसं माझी आहेत, त्या दिवशी खुर्चीत मीच होते. जन्मापासून टाउनची आहे आणि मला स्टेडियम हवंय. पण मेल्यावर गोल ऐकू येत नाहीत. आधी पूल बांधा."

"सगळे वाचतील, बेरिल."

"वाचू देत. टोप्या काढल्यात त्यांनी माझ्यासाठी. आता डोळे उघडून वाचा म्हणावं."

तिने सही केली. ती ओळीखाली घसरली. मी माझी केली.

टपालपेटी पुलापाशी आहे. बाहेर डग व्हॅन धूत होता. व्हॅन भिंतीकडेच, पण कालव्याची बाजू आता पुन्हा मोकळी.

"बिल भरायला?" त्याने विचारलं.

"नाही. कौन्सिलला."

त्याने पाण्याचा पाइप खाली धरला. पाणी त्याच्या बुटांवर पडत राहिलं. "नावानिशी?"

"दोघांच्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. काय म्हणेल याची मी वाट बघितली, आणि वाट बघताना मला वाटलं, आता मिसेस ऑर्मरॉडच्या फाटकाला मफलर कोण बांधत होतं, हे मला कळणार. पण चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही.

"बरं," डग म्हणाला.

मी पुढे गेलो. मिसेस ऑर्मरॉड खिडकीत होत्या. हात केला नाही, फक्त पडदा थोडा सरकवला. पुलावर वारा होता. पाकीट पेटीच्या फटीत घातलं आणि बोटं सुटेनात. मागे वळून आमच्या दाराकडे बघितलं. फाटक रिकामं होतं. उद्या सकाळी कसं असेल, कोण जाणे.

मी बोटं सोडली.